अंगणवाडीत नुसतं खेळवतात, मग शिकवतात कधी?

पत्र

नमस्कार ताई. आमचं गाव धारूर तालुक्यात आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनपासून गावातल्याच अंगणवाडीत घालते. पहिले पंधरा दिवस दारात नुसती रडारड, आता कधी रडतो, कधी नाही. घरी दिवसभर बडबड चालू असते, पण तिथं गेला की तोंड उघडत नाही, असं बाई सांगतात. इतके महिने झाले तरी पाटी कोरीच. "आज काय शिकलास?" विचारलं की म्हणतो, "खेळलो." परवा मी डोकावून बघितलं तर बाईंनी तूर आणि हरभरा एकत्र करून ठेवला होता आणि लेकरं निवडत बसली होती. हे काम तर घरीबी असतं.

जाऊबाईंचा मुलगा याच्याच वयाचा. तो तालुक्याला इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत जातो, सकाळी आठला व्हॅन येते. त्याला एबीसीडी, वन टू फिफ्टी सगळं पाठ आहे, पाहुणे आले की म्हणून दाखवतो. आमचे मामा, म्हणजे सासरे, म्हणतात, अंगणवाडीत काय खिचडी खायला पाठवायचं का? मालक म्हणतात, सोयाबीनचे पैसे आले की दिवाळीनंतर यालाबी तिकडंच घालू. फी 18,000 आहे, व्हॅनचे वेगळे. मला काही सुचेना. लेकराचं वर्ष वाया चाललंय का?

एक आई

उत्तर

ताई, वर्ष वाया चाललेलं नाही. दिवाळीनंतर व्हॅनमध्ये बसवायची घाई करू नका. मात्र अंगणवाडीतच ठेवा, असंही मी डोळे झाकून सांगणार नाही. त्याआधी तुम्हाला एक सकाळ मोडावी लागेल. ते पुढं सांगते. आधी त्या तूर-हरभऱ्याचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ढिगातच आहे.

पुढच्या वेळी डोकावलात की घाईनं निघू नका, एकाच लेकराकडं बघत राहा. आधी ते मूठभर दाणे उचलतं आणि ते बोटांच्या फटींतून सांडतात. मग अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून एकच दाणा धरायला बघतं. हरभरा सापडतो, तूर निसटते. पुन्हा धरतं. दाणा डोळ्यांजवळ नेतं, एका वाटीत टाकतं, थांबतं, तोच दाणा काढून दुसऱ्या वाटीत टाकतं. त्या थांबण्यात त्यानं रंग, आकार आणि मोठं-लहान अशा तीन गोष्टी ताडून बघितल्या आणि आपली चूक आपणच दुरुस्त केली. कुणी "चुकलं" म्हणालं नाही. सारखं काय, वेगळं काय, हे ओळखणं ही गणिताची पहिली पायरी. पुढं बाई विचारतात, "कोणत्या वाटीत जास्त?" की कमी-जास्त आलं. दहा मिनिटं एका जागी बसून हातातलं काम तडीला नेलं, ही तिसरी कमाई. पहिलीच्या बाईंना विचारा, त्यांना याच गोष्टीची सगळ्यात जास्त गरज पडते.

चौथी कमाई हाताची. ज्या चिमटीत तुरीचा दाणा धरला, त्याच चिमटीत उद्या पेन्सिल येणार आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि वर्षागणिक एकेक करून पक्की होत जातात. साडेतीनाव्या वर्षी त्यातली जेमतेम दोन-तीन पक्की झालेली असतात. अशा हाताला चार ओळींच्या वहीत पानभर 'ए' गिरवायला लावला तर लेकरू खांद्यापासून जोर लावतं, पेन्सिल मुठीत आवळतं, हात दुखतो, आणि लिहायचं म्हटलं की पळायला लागतं. मातीचे गोळे वळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, ओल्या वाळूत बोटानं रेघा ओढणं, फडकं पिळणं, हे सगळं लिहिण्याच्या आधीचं लिहिणं आहे. पाटी कोरी असली तरी तिची तयारी रोज चालू असते.

"हे काम तर घरीबी असतं," असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. पण घरी डाळ निवडायची असते ती रांधायला. आपल्याला घाई असते, लेकरानं हात घातला की आपण म्हणतो, "सरक, सांडशील." अंगणवाडीत ती डाळ शिजवायची नसते. तिथं सांडायला परवानगी आहे. एवढ्या एका फरकानं त्या कामाचं शिक्षण होतं.

आता पुतण्याचं. त्याचं कौतुक करा, मनापासून करा. लेकरानं मन लावून पाठ केलंय, त्याचं काहीच चुकलेलं नाही. फक्त म्हणून दाखवणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मालकांना समजावून सांगा. मोजता येतं म्हणजे काय? समोर पाच बोरं ठेवली तर प्रत्येक बोराला एकदाच बोट लावून एकेक आकडा म्हणता येणं, आणि शेवटी "किती?" विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून न मोजता "पाच" सांगता येणं. बोरं दूर-दूर पसरली तरी ती पाचच राहतात, हे कळायला तर आणखी काळ जातो. 50 पर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी लेकरं पाच बोरांपाशी अडखळतात. त्यात त्यांचा दोष नाही, वयच तसं असतं. तुमच्या लेकाला घरी ताटलीत तीन-चार शेंगा देऊन मोजायला लावत जा. दोघांना समोरासमोर बसवून परीक्षा मात्र घेऊ नका. जावा-जावांत त्यावरून मन दुखेल आणि लेकरांच्या पदरात काही पडणार नाही.

मालक आणि मामा म्हणतील, ही ताई आपल्या मनचं सांगते. तर मग सरकारी कागदाचं ऐकवा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरला आहे. अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं, मग पहिली आणि दुसरी. 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकच नको असं म्हटलंय, आणि शिकणं खेळातून व शक्यतो घरच्या भाषेतून व्हावं असंही सांगितलंय. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचं लक्ष्य बघा: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत. तिसरी! म्हणजे देशानं ज्या गोष्टीला वयाच्या आठ-नऊ वर्षांपर्यंतची मुदत दिली, ती आपण साडेतीन वर्षांच्या लेकराकडून पाहुण्यांसमोर मागतोय.

खेळातून शिकवायचा हा विचार काल-परवाचा नाही आणि बाहेरून आणून चिकटवलेलाही नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. वस्तू हाताळून शिकायच्या मॉन्टेसरी पद्धतीची साधनं महाग होती, शहरातल्या पैसेवाल्यांनाच परवडायची. ताराबाईंनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. लेकरं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी बालवाडीच आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात नेली. पुढं 1957 पासून कोसबाडला हे काम चाललं. देशभरातल्या सरकारी अंगणवाड्या 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजनेतून सुरू झाल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तुमच्या बाईंनी पुढ्यात ठेवलेली तूर आणि हरभरा त्याच वाटेनं आलेली आहेत. त्यांना तुम्ही एकदा सांगा की तुम्ही ते बघितलं आणि आवडलं. गावात असं कुणी सांगत नाही.

मामांचा खिचडीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण मामांना म्हणावं, खिचडी ही लाज वाटायची गोष्ट नाही. उपाशी पोटी लेकराचं लक्ष दाण्यात लागत नाही आणि गोष्टीतही लागत नाही. आपल्या भागात दुष्काळ काय असतो ते मामांनी आपल्यापेक्षा जास्त बघितलंय. अंगणवाडीत गरम आहार मिळतो, वजन-उंचीची नोंद होते, लसीकरणाची आठवण ठेवली जाते. वाढ कुठं थांबली तर ती आधी त्या वजनकाट्यावर दिसते. शरीर आणि डोकं वेगवेगळं वाढत नाही. शिवाय सगळ्यांची लेकरं एका पंगतीला बसून एकच घास खातात, ही शिकवण कोणत्याही वहीत मिळत नाही. तुमच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणारी घरं किती आहेत हे मला माहीत आहे. त्यांची लेकरं दिवाळीच्या सुमाराला आई-बापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. ती आली की तुमच्या लेकाला त्यांच्याजवळ बसू द्या. मधे तुटलेली लेकरं पुन्हा मिसळतात ती सोबत्यांमुळंच.

तो तिथं बोलत नाही, याचं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय, असं पत्रातून वाटलं. घरी भरपूर बोलतो ना? मग धीर धरा. तीन-साडेतीन वर्षांची लेकरं बहुतेक वेळा एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांबरोबर नाही. दोघं एकाच वाळूत बसलेले, पण ज्याचा-त्याचा खड्डा वेगळा. मिळून खेळणं, "तू दुकानदार, मी गिऱ्हाईक" असं ठरवून खेळणं हळूहळू चौथ्या-पाचव्या वर्षी रंगात येतं. गप्प बसलेलं लेकरू पुष्कळ काही टिपत असतं. तिथं म्हटलेलं बडबडगीत तो रात्री अंथरुणात एकटा म्हणतो का, कान देऊन ऐका. म्हणत असला तर अंगणवाडी त्याच्या आत पोचली आहे. आणि गाण्यांना कमी लेखू नका. शेवट सारखे ऐकू येणारे शब्द म्हणता-म्हणता लेकराला शब्दांतले आवाज सुटे ऐकू यायला लागतात. पुढं अक्षर ओळखायचं म्हणजे हे आवाजच चिन्हाला जोडायचे असतात. ज्याच्या कानावर गाणी आणि गोष्टी भरपूर पडल्या, त्याला वाचन लवकर जमतं.

भाषेवरून आणखी एक. घरी तुम्ही जसं बोलता, "काय करायलास", "कुणीकडं चाललास", तसंच बोलत राहा. लेकराशी पुस्तकी बोलायला जाऊन बोलणंच कमी करू नका. इंग्रजी शिकायला पुढं भरपूर वेळ आहे, आणि ज्याची घरची बोली भरलेली आहे त्याला दुसरी भाषा सोपी जाते. मला खटकतं ते इंग्रजी नाही. ज्या भाषेत लेकराला "मला शू लागली", "त्यानं मला मारलं", "हे असं का?" सांगता येत नाही, त्या भाषेत त्याला दिवसाचे चार तास बसवून ठेवणं खटकतं. प्रश्न विचारता आला नाही की लेकरू विचारायचंच सोडतं.

दारातल्या रडण्याबद्दल थोडक्यात. त्याची नजर चुकवून पळू नका, मग ते दुसऱ्या दिवशी जास्त घट्ट धरतं. "खिचडी खाऊन झाली की मी येते" असं, त्याला कळेल अशा वेळेचं सांगा, आणि त्याच वेळेला हजर राहा. हातात घरचा रुमाल किंवा आवडीचं काही राहू द्या. दारात दहा मिनिटं समजूत काढत बसू नका. एकदा जवळ घ्या आणि निघा. आई जाते आणि परत येते, हा विश्वास बसणं हेही अंगणवाडीत शिकायचंच असतं.

आता ते एका सकाळचं काम. बाईंना आधी विचारून सुरुवातीपासून घरी सुटेपर्यंत अंगणवाडीत एका कोपऱ्यात बसा. मालकांना घेऊन गेलात तर उत्तमच. काय बघायचं? बाई लेकराशी बोलताना खाली बसतात की उभ्यानंच हुकूम देतात. लेकरांना नावानं हाक मारतात का. लेकरू बोलायला लागलं तर पुरतं ऐकून घेतात का. छडी दिसते का. दिसली तर ती आधी बाहेर गेली पाहिजे, तिथं तडजोड नाही. खेळणी, ठोकळे, चित्रं लेकरांच्या हाताला लागतील अशी खाली आहेत, की पेटीला कुलूप आहे आणि साहेब येणार म्हटलं तरच उघडतं? हे कुलूप मला फार ठिकाणी दिसलंय आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मोडेल म्हणून जपून ठेवलेलं खेळणं कुणाच्याच कामाचं नाही. आणखी एक: दोन लेकरं एका ठोकळ्यावरून भांडली की बाई काय करतात? ठोकळाच उचलून नेला तर दोघंही काही शिकली नाहीत. "आधी हा, मग तू" म्हणत बाई शेजारी बसल्या, तर दोघांनी थांबणं शिकलं. पाळी येईपर्यंत मनाला आवरून धरणं या वयात सगळ्यात अवघड असतं. घरी एकुलत्या एका लेकराला त्याचा सराव मिळत नाही.

हेच सगळं घेऊन दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या त्या नर्सरीतही जाऊन बसा. बसू देत नसतील तर तेही उत्तरच समजा. तिथं खेळ, गाणी, माती, गोष्टी असतील आणि वर्गात लेकरं मोजकी असतील, तर ती शाळा वाईट नाही. पण साडेतीन वर्षांचं लेकरू व्हॅनमध्ये कोंबून, चार भिंतींत बाकावर बसवून, वह्या भरून घेत असतील, तर ते 18,000 रुपये तुम्ही लेकराचं खेळणं थांबवायला देताय.

अंगणवाडीत सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. बाईंच्या मागं रजिस्टर, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं, सर्व्हे, नाना कामं असतात, आणि त्यात लेकरांचा वेळ जातो. कुठं खिचडी वाटून लेकरं घरी पाठवतात, हेही खरं आहे. तुमच्या गावात तसं दिसलं तर एकट्यानं भांडू नका. चार आया मिळून पालकांच्या बैठकीत बोला, पर्यवेक्षिका मॅडम भेटीला येतील तेव्हा त्यांच्यापुढं बोला, ग्रामसभेत विषय मांडा. "रोज दोन तास खेळ-गोष्टी झाल्या पाहिजेत," एवढी एकच मागणी धरा. आणि नुसती मागणी नको, हातभारही द्या. आठवड्यातून एकदा एका आईनं किंवा आजोबांनी अंगणवाडीत जाऊन गोष्ट सांगावी. इथं मामांची खरी गरज आहे. बैलांची, पावसाची, जुन्या विहिरीची गोष्ट त्यांच्याइतकी कोण रंगवून सांगेल? नातवासमोर वीस लेकरं तोंडाकडं बघत बसली की खिचडीचा विषय मामा आपोआप विसरतील.

मालकांचा एक प्रश्न राहतोच: खेळून पुढं काय मिळतं? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात 1962 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली तीन-चार वर्षांची 123 मुलं घेतली. त्यातल्या 58 जणांना चांगल्या बालवाडीत घातलं, बाकीच्यांना नाही. तिथं मुलं आज काय खेळायचं ते स्वतः ठरवायची, खेळायची, आणि मग काय केलं ते सांगायची. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसायच्या. बुद्धीच्या चाचणीत सुरुवातीला बालवाडीची मुलं पुढं होती, पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला. तिथंच थांबले असते तर लोक म्हणाले असते, फुकट गेलं. पण ही माणसं चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली गेली. तेव्हा दिसलं की बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पुरी केली होती, ते जास्त कमावत होते आणि पोलिसांच्या भानगडीत कमी सापडले होते. पाठांतर पुसलं गेलं. ठरवणं, थांबणं, हातातलं तडीला नेणं, दुसऱ्याबरोबर जमवून घेणं टिकलं. तिथं शिक्षिका शिकलेल्या होत्या आणि प्रत्येकीकडं मुलं थोडी होती, हेही लक्षात घ्या. म्हणून तर मी तुम्हाला आत जाऊन बसायला सांगतेय.

घरी तुम्ही "काय शिकलास?" विचारणं सोडा. त्याऐवजी विचारा, "आज कुणाशेजारी बसलास? काय सांडलं? बाईंनी कोणती गोष्ट सांगितली?" मग बघा, "खेळलो" या एका शब्दाच्या पुढं किती निघतं. फीचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे चित्रांच्या पुस्तकांवर घाला. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची लहान मुलांची मराठी पुस्तकं परवडणारी असतात. रात्री एकच पुस्तक दहादा मागितलं तर दहादा वाचा. मोबाइल त्या वेळेला लांब ठेवा.

एक काळजी मात्र घ्या. लेकरू घरीसुद्धा दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, खोटं-खोटं खेळत नसेल, नजर देत नसेल, तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. गरज लागली तर ते जिल्ह्याच्या ठिकाणी पुढं पाठवतात. तुमच्या पत्रावरून तरी मला असं काही दिसत नाही.

आणि पहिलीला सहा पूर्ण झाल्यावरच घाला. साडेपाचाव्या वर्षी ओळखीनं नाव लावून देतो असं कुणी म्हणालं तरी नको म्हणा. म्हणजे तुमच्या लेकाजवळ अजून चांगली अडीच वर्षं आहेत. पेन्सिल चौथं संपता-संपता तो स्वतःच मागेल. तोपर्यंत घरात खडूचा डबा आणि अंगणातली फरशी त्याला मोकळी करून द्या.